मॉरिशसचा उठावाचा नकाशा: प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि मुख्याध्यापकांनी भूगोलाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी खोलीचा वास तोच आहे: गुंडाळलेले नकाशे, खडू आणि वाळवीचं औषध. नववीची अकरा मुलंमुली दर शनिवारी शाळा सुटल्यावर थांबणार आहेत. मॉरिशसचा उठावाचा नकाशा करायचा ठरलाय, म्हणजे डोंगर-पठारं हाताला लागतील असा.

हेच बेट का, ते आधी लिहून ठेवते. गेल्या गणपतीत आमच्या वाडीत मॉरिशसहून एक कुटुंब आलं होतं, खापरपणजोबांचं गाव शोधत. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या हिंदी मजुरांची, जुनी दप्तरं जपून ठेवलेली आहेत. तिथून काढलेला कागद त्यांच्याजवळ होता आणि त्यावर रत्नागिरी जिल्हा स्पष्ट होता. मंडळी आमच्याशी मराठी बोलत, आपसांत तिकडची क्रिओल बोली. आरतीत मात्र त्यांचा एक शब्द अडखळला नाही. मुलांनी विचारलं, "आजोबा, तुमचं गाव कुठं?" त्यांनी अंगणात काठीनं बेट काढलं आणि पश्चिम कडेला टिंब दिलं. "हे कास्कावेल. काळ्या नदीचा जिल्हा. आमच्याकडे पाऊस कमी."

मुलांना ते पटेना. पश्चिमेला समुद्र, मागे डोंगर, आणि पाऊस कमी? गुहागर तालुक्यातल्या मुलाला हे कसं पटावं! ते टिंब मुलांच्या डोक्यातून गेलं नाही. प्रकल्प तिथून सुरू झाला.

१५ नोव्हेंबर

प्रमाण ठरलं: एका सेंटीमीटरला अर्धा किलोमीटर, म्हणजे १:५०,०००. बेटाची लांबी सुमारे ६५ किमी, रुंदी ४५. आमच्या नकाशात १३० सेंमी बाय ९० सेंमी. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किमी. रत्नागिरी जिल्हा ८,२०८ चौरस किमीचा, म्हणजे अख्खं बेट आमच्या जिल्ह्याच्या पाव हिश्शालाही पोचत नाही. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मुलांनी पहिल्यांदा 'देश' या शब्दाकडे नीट पाहिलं.

उंचीची अडचण आली. सर्वांत उंच शिखर पितों द ला प्तित रिव्हिएर न्वार, ८२८ मीटर. कळसूबाई १,६४६, त्याच्या निम्मं. जमिनीचंच प्रमाण उंचीला लावलं तर शिखर पावणेदोन सेंटीमीटरसुद्धा भरत नाही, नकाशा नुसती भाकरी दिसेल. म्हणून उंची चौपट धरली. ५० मीटरला ४ मिमी, म्हणजे खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक थर. एकूण सतरा थर.

वखारीतून पाच बाय चार फुटांची प्लायवूड आणली. बेट मावतं आणि चारी बाजूंनी थोडा समुद्रही राहतो.

२२ नोव्हेंबर

दुकानदारांनी खोकी फुकट दिली. खळ शिजवताना मोरचूद घातला आणि लगद्यात मेथीची पूड. माझी आजी कागदाच्या टोपल्या करताना घालायची तशीच. कीड लागत नाही.

सातआठ थर चिकटवून झाल्यावर बेट बोलायला लागलं. मुलांना वाटलं होतं, ज्वालामुखीचं बेट म्हणजे मधे टोक आणि चारी बाजूंना उतार. तसं काहीच निघालं नाही. मधे पठार, आणि त्याच्याभोवती तुटक्या परातीच्या कडांसारखे डोंगर: वायव्येला मोकाची रांग, नैर्ऋत्येला काळ्या नदीची, आग्नेयेला ग्राँ पोरची. ८०-९० लाख वर्षांपूर्वी इथे एकच अवाढव्य, पसरट ज्वालामुखी होता. तो झिजला, खचला आणि त्याच्या काठाचे अवशेष तेवढे उभे राहिले. पुढे नवा लाव्हा आला, तो या कड्यांच्या मधल्या भागात पसरला आणि पठार झाला. पठार दक्षिणेकडे चढतं, उत्तरेकडे उतरत उतरत सपाट मैदानाला मिळतं.

पोर्ट लुईच्या पाठीशी दोन सुळके आहेत. ल पूस म्हणजे अंगठा, आणि तो तसाच दिसतो. पीटर बोथ ८२० मीटरचा, त्याच्या माथ्यावर माणसाच्या डोक्यासारखा एक प्रचंड धोंडा. तो धोंडा करण्यावरून दोघांचं भांडण झालं. शेवटी करवंटीचा तुकडा घासून बसवला.

क्युरपीप गावात त्रू ओ सेर हे विझलेलं विवर आहे, तोंड सुमारे ३०० मीटर रुंद. आमच्या नकाशात तुरीच्या दाण्याएवढं. दाभणानं पाडलं.

२९ नोव्हेंबर

आज काम कमी, गप्पा जास्त. शाळेमागच्या कातळाचा तुकडा मी टेबलावर ठेवला आणि म्हटलं, मॉरिशसचा दगडही हाच, बेसॉल्ट. नुसता सारखा नाही, उगमही एकच असावा असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. पृथ्वीच्या पोटात एक तप्तस्थळ आहे, तिथून लाव्हा वर येत राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचं भूपट्ट त्याच्यावर होतं तेव्हा दख्खनचे थर ओतले गेले, ज्यांतून पुढे सह्याद्री कोरला गेला. भारत उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे समुद्रात त्या तप्तस्थळाच्या खुणा राहिल्या: लक्षद्वीप-मालदीव-चागोसची बुडालेली रांग, मग मॉरिशस. आज ते रियुनियनखाली आहे. मॉरिशसपासून पावणेदोनशे किमीवरच्या त्या फ्रेंच बेटावर पितों द ला फुर्नेझ अजून लाव्हा ओकतो.

एका मुलीनं विचारलं, "बाई, मग आपला कातळ त्यांचा थोरला भाऊ?" वयाच्या हिशेबानं हो.

आणखी एक गोष्ट सांगितली. २०१७ साली शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या खडकात झिरकॉन या खनिजाचे कण सापडल्याचं प्रसिद्ध केलं. कणांचं वय तीनशे कोटी वर्षांच्या घरात. बेट जेमतेम ८०-९० लाख वर्षांचं, आणि त्यात कण एवढे जुने! त्याचा अर्थ, लाव्ह्यानं वर येताना खाली गाडलेल्या एखाद्या प्राचीन भूखंडाचा चुरा बरोबर आणला. हे ऐकल्यावर खोली अगदी शांत झाली. शिकवण्याच्या तीस वर्षांत अशी शांतता मला फार वेळा मिळाली नाही.

१३ डिसेंबर

रंगकामात सगळा नकाशा चुकला, आणि प्रकल्पात सर्वांत चांगलं काही घडलं असेल तर ते आज.

मी एका कामाला गेले होते. परत आले तर मुलांनी पश्चिम किनारा गर्द हिरवा रंगवलेला, आणि पठार ओलांडून पूर्वेला फ्लाक जिल्हा पिवळट तपकिरी. मी विचारलं, हे कशावरून? "बाई, पश्चिमेला समुद्र म्हणजे कोकण, डोंगर ओलांडला की देश. पर्जन्यछाया." उत्तर देणाऱ्याचा आवाज ठाम होता. पाठ चोख होता, फक्त बेट दुसरं होतं.

मी टेबलफॅन आणला. आग्नेय कोपऱ्यात ठेवला आणि स्प्रेच्या बाटलीनं फॅनसमोर पाण्याचा फवारा मारला. मॉरिशस २० अंश दक्षिण अक्षांशावर आहे. तिथे वर्षभर आग्नेय व्यापारी वारे वाहतात. ते ओलावा आणतात पूर्वेकडून. पठार चढताना पाऊस पडतो, पठारावर वर्षाला ४,००० मिमीपर्यंत. पश्चिमेला उतरताना वारा कोरडा होतो आणि किनाऱ्यावर जेमतेम ९०० मिमी उरतो. महाबळेश्वराहून वाईला उतरावं तेवढ्या अंतरात हे घडतं, फक्त दिशा उलटी. तामारँच्या बाजूला पूर्वी मिठागरं होती ती याच उन्हाच्या भरवशावर.

फवाऱ्याचे थेंब पूर्व उतारावर आणि पठारावर पडले. पश्चिमेचा हिरवा रंग कोरडाच राहिला. ज्यानं 'देश' म्हटलं होतं तो पुढे वाकला, काळ्या नदीच्या जिल्ह्यावर बोट ठेवून म्हणाला, "म्हणजे आजोबा खरं सांगत होते."

मी शिक्षक म्हणून हे कधी मनापासून शिकवलं नव्हतं: नकाशा वाचताना आपण आपलं गाव त्याच्याखाली ठेवून वाचतो. आमच्यासाठी पश्चिम म्हणजे पाऊस, पूर्व म्हणजे घाट, जुलै म्हणजे चिखल. मॉरिशसमध्ये जुलै म्हणजे थंडी. क्युरपीपला तेव्हा स्वेटर लागतो.

सगळा रंग खरवडून पुन्हा द्यायचा ठरला. कोणी कुरकुरलं नाही.

२० डिसेंबर

रंग झाला. उसासाठी पोपटी, आणि तो संपता संपेना. लागवडीच्या जमिनीचा मोठा भाग अजून उसाखालीच आहे. उसाच्या फडांत काळ्या दगडांचे ढीग दिसतात, कुठे कुठे पायऱ्यांच्या पिरॅमिडसारखे रचलेले. जमीन लागवडीला आणताना हे धोंडे मजुरांनी हातांनी वेचून काढले. आधी गुलामांनी, मग गिरमिटियांनी. १८३४ पासून पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा आहे. मुलांनी पोपटी रंगात काळ्या मोहरीचे छोटे ढीग चिकटवले. कल्पना त्यांचीच.

नावांच्या चिठ्ठ्याही आजच लिहिल्या. नऊ जिल्हे: पोर्ट लुई, पांपलमूस, रिव्हिएर द्यु राँपार, फ्लाक, ग्राँ पोर, सावान, काळी नदी, प्लेन विल्हेम्स, मोका. फ्रेंच नावं देवनागरीत उतरवताना जीभ वळेना, म्हणून अर्थ शोधत गेलो, आणि नावं आपलीशी झाली. पांपलमूस म्हणजे पपनस. वाक्वा हे गावाचं नाव केवड्याच्या कुळातल्या झाडावरून आलंय. कात्र बोर्न म्हणजे चार हद्दीचे दगड. असं नाव आपल्याकडच्या कुठल्याही शिवाराला शोभेल.

पोर्ट लुई सर्वांत लहान जिल्हा, फ्लाक सर्वांत मोठा. माणसं सर्वांत जास्त प्लेन विल्हेम्समध्ये, पठाराच्या उतारावर एकाला एक लागून वसलेल्या गावांत. याला एक कारण हिवताप. १८६६ ते ६८ च्या साथीत पोर्ट लुईत हजारोंनी माणसं गेली. ज्यांना जमलं ती थंड हवेकडे, डासांपासून दूर वर चढली. रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे राहायचं वर आणि कामाला खाली हे जमून गेलं. ती रेल्वे १९६४ पर्यंत बंद पडली. २०२० मध्ये सुरू झालेली मेट्रो बऱ्याच ठिकाणी तिच्याच जुन्या वाटेनं जाते. २०२२ मध्ये ती क्युरपीपला पोचली. मुलांनी लाल दोरा लावला.

३ जानेवारी २०२६

प्रवाळभित्तीसाठी तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, टरफलं कुटून चुरा केला. बेटाभोवती सुमारे १५० किमी लांबीचं हे कडं आहे, आत उथळ, शांत लगून. पण कडं अखंड नाही. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे गोडं पाणी आणि गाळ येतो, प्रवाळ जगत नाही, भित्तीत खिंड पडते. बंदरं अशाच खिंडींमागे आली. दक्षिणेला सुयाकजवळ तर भित्तीच नाही. ग्री-ग्रीला लाटा थेट काळ्या कड्यावर आपटतात. वेळणेश्वरच्या कड्याखाली उभं राहिलेल्या मुलाला तो आवाज सांगावा लागत नाही.

प्वांत देस्नीपाशी लाल टाचणी लावली. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं मालवाहू जहाज इथल्या भित्तीवर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये गेलं. सरकारी मदतीची वाट न पाहता हजारो लोक किनाऱ्यावर आले. उसाचं पाचट कापडी पिशव्यांत भरून, शिवून त्यांनी तरंगते बांध केले. जवळच इल ओ एग्रेत हे प्रवाळखडकाचं बेट, तिथे बेटावरची मूळची झाडं आणि गुलाबी कबुतरं जपतात. तिथली रोपं आणि पाखरं घाईनं हलवावी लागली. पाचटाच्या बांधांची गोष्ट मुलांनी मला दोनदा सांगायला लावली. आमच्याही किनाऱ्यावर पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या येतात, त्यांना ते तेल डोळ्यांसमोर दिसत होतं.

१० जानेवारी

तिकडे आता वादळांचे दिवस. एका मुलानं ईशान्य कोपऱ्यात चक्रीवादळाचं चिन्ह काढलं आणि बाण घड्याळाच्या उलट फिरवले. 'निसर्ग' आणि 'तौक्ते' दोन्ही त्यानं पाहिली आहेत, छपराचे पत्रे उडालेत त्यांच्या घराचे, त्यामुळे चूक समजू शकते. दक्षिण गोलार्धात वादळ घड्याळाच्या दिशेनं फिरतं. त्यानं खोडलं, पण मग बराच वेळ बोट हवेत दोन्हीकडे फिरवत बसला.

फेब्रुवारी १९६० च्या कॅरोल वादळानं ताशी २५० किमीच्या वर झोत नोंदवले आणि हजारो घरं नेली. त्यानंतर मॉरिशसमध्ये सिमेंटच्या सपाट छपरांची घरं वाढत गेली. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. डोंगर पाठीशी, समुद्र समोर, मधे चिंचोळी राजधानी. चिपळूणचा जुलै २०२१ आठवला, पण त्याबद्दल आज काही बोलले नाही. दोन मुलींची घरं तेव्हा पाण्यात होती.

२४ जानेवारी

प्लायवूड कमी पडली.

उत्तरेच्या छोट्या बेटांचा मी हिशेबच केला नव्हता. क्वँ द मीर किनाऱ्यापासून चारपाच किमी, ते कसंबसं बसलं. इल प्लात कडेबाहेर. राउंड आयलंड वीसएक किमी दूर, तेही बाहेर. सुताराकडून दीड फुटाची पट्टी आणून जोडली.

राउंड आयलंड गोल नाही, आणि त्याच्या शेजारचं सर्पबेट गोल आहे. साप राउंड आयलंडवर आहेत, सर्पबेटावर नाहीत. कुणीतरी जुन्या नकाशात नावांची अदलाबदल केली असावी, असं सांगतात. मुलांना नावं बदलून लिहायची होती. मी म्हटलं, नकाशावर जे नाव लोक वापरतात तेच लिहायचं.

पट्टी ठोकून झाल्यावर हात झटकले, तर एकीनं विचारलं, "बाई, आता देश संपला ना?" मी कागदावर मॉरिशसच्याच रॉद्रिग बेटाचं अंतर सेंटीमीटरमध्ये काढलं आणि कागद तिच्या हातात दिला.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र, रविवार. तरी चौघं आली. सावान जिल्ह्यातल्या गंगा तलावावर, ग्राँ बासँवर, आज लाखो माणसं असतील. विवरात साठलेलं तळं आहे ते. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं. पांढरे कपडे, खांद्यावर सजवलेली कावड, बेटाच्या पार टोकांपासून पायी. आम्ही उत्तरेच्या काप मालरपासून तळ्यापर्यंत दोरा धरला: ऊस, मग गावं, मग चढ, मग धुकं. वारीला जाऊन आलेल्या मुलीनं दोन मुक्कामांच्या जागा सुचवल्या. तळ्याला आरशाचा तुकडा बसवला. थोडा मोठाच झाला, राहू दिला.

२८ फेब्रुवारी

हिशेब पूर्ण झाला. आमच्या प्रमाणात:

रॉद्रिग, जवळपास ६०० किमी पूर्वेला, म्हणजे १२ मीटर. बेट १८ किमी लांब, म्हणजे ३६ सेंमी. सेंट ब्रँडन, ईशान्येकडे साडेचारशे किमी, ९ मीटर. वाळूचे पुंजके, कायमची वस्ती नाही, मच्छीमार येऊनजाऊन. आगालेगा, उत्तरेला सुमारे १,१०० किमी, २२ मीटर. नारळाची दोन बेटं, तीनएकशे माणसं. भारताच्या मदतीनं झालेली धावपट्टी आणि जेट्टी २९ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. चागोसमधलं दिएगो गार्सिया २,१०० किमीच्या वर, ४३ मीटर.

मॉरिशस प्रजासत्ताकाची सगळी जमीन धरली तर २,०४० चौरस किमी. त्यांचा सागरी हक्काचा प्रदेश सुमारे २३ लाख चौरस किमी. आमच्या टेबलावर जे आहे ती जमीन. देश त्याच्या हजारपटीहून जास्त आहे आणि तो बहुतेक पाणी आहे. तीन महिने आम्ही चुकीच्या कडेला कड म्हणत होतो.

नकाशा लहान करायचा, की बेटं चौकटीत कोपऱ्यात ढकलायची, जसं सगळे नकाशे करतात? रॉद्रिगला पुस्तकातला नकाशा नेहमी अशा चौकटीत कोंबतो. मुलांनी एकमुखानं नकार दिला. बेटं जिथे आहेत तिथेच ठेवायची.

१२ मार्च

मॉरिशसचा राष्ट्रदिन. १९६८ साली याच दिवशी स्वातंत्र्य, १९९२ साली याच दिवशी प्रजासत्ताक. दहावीची परीक्षा चालू आहे, म्हणून गलका न करता काम केलं.

आधी टेबल फिरवावं लागलं. उत्तर फळ्याकडे करून ठेवलं होतं, खरी उत्तर खिडकीकडे. होकायंत्र ठेवून लावलं, मग टेप घेऊन बाहेर.

रॉद्रिग आठवी 'ब'च्या वर्गात गेलं, दुसऱ्या बाकाच्या शेजारी. बाईंनी आनंदानं जागा दिली. तिथे आम्ही लगूनसकट मॉडेल ठेवलं, कारण रॉद्रिगचं लगून जमिनीच्या दुपटीहून मोठं आहे. ओहोटीला बायका त्यात चालत जाऊन सळईनं ऑक्टोपस पकडतात. २०१२ पासून ठरावीक महिने ही शिकार बंद ठेवतात म्हणजे पैदास टिकते. राजधानी पोर मातुरँ, २००२ पासून स्वतंत्र प्रादेशिक विधानसभा. मुलांनी चिठ्ठीवर लिहिलं: 'मी कोपऱ्यातली चौकट नाही.' शब्द त्यांचे, मी हात लावला नाही.

सेंट ब्रँडन मैदानाच्या कडेला वाळूची चिमूट, भोवती दगड. आगालेगा पाण्याच्या टाकीपाशी, नारळाखालीच आलं.

चागोस कुंपणाबाहेर गेलं. रस्ता ओलांडून काजूच्या बागेत. १९६५ मध्ये स्वातंत्र्याआधी ब्रिटननं ते मॉरिशसपासून तोडलं आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या सगळ्या रहिवाशांना बेटांवरून हलवलं. दिएगो गार्सियावर लष्करी तळ झाला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हे तोडणं बेकायदा असल्याचं मत दिलं. २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशसच्या करारावर सह्या झाल्या. मुलं टेप धरून कुंपणापाशी थांबली. बागेचे मालक तिथेच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विळा खाली ठेवला आणि स्वतः एक पांढरा दगड उचलून आणला. "कुठं ठेवायचा, दाखवा."

परत येताना लहानग्यांची रांग लागली होती. टेबलापासून रॉद्रिगपर्यंत पावलं मोजत जायचं आणि यायचं, हा खेळ आपोआप सुरू झाला.

१६ मार्च

कुटुंबाला फोटो पाठवले होते, रात्री उत्तर आलं. आजोबांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय. रंग बरोबर आहे म्हणाले, पश्चिम अशीच तांबूस दिसते. पण कास्कावेलची चिठ्ठी कुठे आहे?

नाही. आम्ही लावलीच नाही. ज्या टिंबासाठी सगळं केलं तेच राहिलं. उद्या मधल्या सुट्टीत लावणार, अक्षर वाडीतल्याच मुलीचं.

बाकी कामं: सेंट ब्रँडनची वाळू वाऱ्यानं उडाली, पुन्हा आणणे. आरशाची कड घासणे. पावसाआधी वार्निशचा दुसरा हात.